पाच हजारांच्या आतली जवारी

२०१४ साली एका छोट्या नियतकालिकात मी एक लेख लिहिला होता. कोल्हापुरात तालीम झालेल्या एका बुवांच्या घरगुती मैफलीचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आलं होतं, त्यावर. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर, तिथून एमपी-थ्री होऊन माझ्या मोबाइलमध्ये, असा त्याचा प्रवास. त्या लेखात मी लिहिलं होतं की, द्रुत बंदिशीतली एकोणीस सेकंदांची एक तान बुवांनी एका दमात घेतली आहे. जयपूर-अत्रौली गायकीबद्दल बोलताना दमसासाचा उल्लेख सगळेच करतात. मी सेकंद मोजून दिले होते, याचा मला अभिमान होता. दोन-तीन जाणकारांनी फोन करून शाबासकी दिली. एका सभेत तर वक्त्याने हे एकोणीस सेकंद माझं नाव न घेता वापरले, त्याचाही मला आतून आनंदच झाला होता.

ते विधान चूक आहे. अकराव्या सेकंदाला बुवा श्वास घेतात.

हे मला गेल्या वर्षी कळलं, तेही अपघाताने. पुण्याहून आलेला भाचा आपला हेडफोन आमच्याकडे विसरून गेला. कानांभोवती पूर्ण बसणारा, साधा, वायरचा. तो परत नेईपर्यंत वापरावा म्हणून मी डोक्यावर चढवला आणि सवयीने तीच मैफल लावली. तान आली आणि मध्येच कुणी तरी दाराआडून ओठ मिटल्यासारखा बारीक आवाज झाला. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग माझा नेहमीचा हेडफोन लावून ऐकलं, तर तिथे काहीच नाही; तबल्याचा एक घसघशीत 'धा' तेवढा. फाइल तीच, मोबाइल तोच, कानही तेच. बदलली होती ती फक्त कानावरची वस्तू.

बुवांचं नाव मी देत नाही. ते हयात नाहीत, घरची मंडळी आहेत, आणि चूक त्यांची नाही, माझी आहे. पण या चुकीने मला वर्षभर कामाला लावलं. या लेखात त्या कामाचा हिशेब आहे. साहित्याच्या दिवाळी अंकात हेडफोनचं परीक्षण कशाला, असं वाचकांना वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

आपल्याकडच्या संगीतसमीक्षेत एक चमत्कारिक मौन आहे. गोविंदराव टेंब्यांपासून पुढे आपल्याकडे गाण्यावर उत्तम लिहिलं गेलं. पण त्यातलं जुनं लेखन समोर बसून ऐकलेल्या गाण्याबद्दल आहे. माझ्या पिढीचं तसं नाही. आम्ही ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांतल्या बहुतेकांना आम्ही ध्वनिमुद्रणातूनच ओळखतो. कोल्हापूरकरांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे राहिले, १९२२ साली महाराज गेल्यावर मुंबईला गेले, १९४६ साली वारले. त्यांचं स्वतःचं गाणं आज ऐकायला मिळत नाही. तबकडी नाही, तार नाही, काही नाही. या गायकीचा सगळा ऐकण्याजोगा पुरावा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आहे: केसरबाई, मोगूबाई, निवृत्तीबुवा सरनाईक, मंजीखाँ आणि मग भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. म्हणजे मूळ झरा आटलेला आणि आपण ओढ्याचं पाणी चाखून झऱ्याची चव सांगणार. अशा वेळी भांडं कोणतं, हे तरी सांगायला नको का? लेखात राग येतो, ताल येतो, संग्राहकाचे आभार येतात. हे सगळं कशातून ऐकलं, हे कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

ग्रामोफोनच्या काळात लोक याबाबतीत जास्त सावध होते असं मला वाटतं. सुई कोणती, किती वेळा वापरलेली, साउंडबॉक्सचं रबर कडक झालंय का, याची चर्चा घरोघर चाले. तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत आणि तेवढ्यातलं काय सुटतंय याची जाण ऐकणाऱ्याला होती. १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं त्याच्या आधीच्या तबकड्यांत साधारण दोनशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा नीट पकडला जाई. नंतरच्या तबकड्यांत तो पाच हजारांच्या आसपास गेला. आजच्या कुठल्याही स्वस्त हेडफोनच्या खोक्यावर वीस ते वीस हजार लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर पाहिलं तर जुनं गाणं ऐकायला कोणताही हेडफोन पुरेसा व्हावा. तसं होत नाही, कारण खोक्यावरचे दोन आकडे फक्त सुरुवात आणि शेवट सांगतात. मधल्या वाटेवर कुठे चढ आहे, कुठे खड्डा, हे सांगत नाहीत. कोल्हापूर-गगनबावडा इतके किलोमीटर, एवढ्यावरून घाट कळतो काय?

कानावरच्या या वस्तूचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात बसून तयार केलेले हेडफोन १९१० साली तिथल्या नौदलाने घेतले. ते संदेश ऐकण्यासाठी होते, संगीतासाठी नव्हे. घरी बसून स्टिरिओ संगीत ऐकण्याचा हेडफोन कॉस यांनी १९५८ साली आणला. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला, त्याच्या आधीचे सगळे बंद वाटीसारखे असत. १९७९ साली वॉकमन आला आणि हेडफोन रस्त्यावर आले. आमच्या पिढीने ते मंगळवार पेठेत कुणाच्या तरी आखाती देशातून आलेल्या मामाच्या गळ्यात पहिल्यांदा पाहिले. आता मुलांच्या कानात बिनतारी बोंडं असतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण ती चार्ज करावी लागतात, बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि मग वस्तू फेकण्याच्या लायकीची होते. वायरच्या हेडफोनची पिन तुटली तर लक्ष्मीपुरीत नवी डकवून मिळते. माझ्यासारख्या, पेन्शन नसलेल्या माणसाला एवढं कारण पुरतं.

तर मी ठरवलं की पाच हजारांच्या आत मिळणारे, कानाभोवती बसणारे, वायरचे हेडफोन घेऊन तपासायचं. माझा जुना धरून चार जमले. एक ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स, बंद पाठीचा. एक मित्राच्या मुलाकडून मागून आणलेला सॅमसन एसआर८५०, अर्धा उघडा. एक भाच्याचाच, फिलिप्सचा एसएचपी९५००, पूर्ण उघडा. भाच्याला सांगून तो मी चार महिने ठेवून घेतला. चौथा माझा, ज्याने मला फसवलं तो. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखे बाजारात ढिगाने आहेत आणि दोष एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' छापलेला कुठलाही डोळ्यांसमोर आणा.

तपासण्याची पद्धत मात्र मला तीनदा बदलावी लागली. पहिल्या आठवड्यात जो हेडफोन मला उत्तम वाटला तो केवळ मोठा वाजत होता. हा जुना सापळा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की, आवाजाची पातळी कमी असते तेव्हा कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. पातळी वाढवली की तेच स्वर भरून येतात. त्यामुळे दोन वस्तूंतली जी जरा मोठ्याने वाजते ती आपोआप भरीव, श्रीमंत वाटते. दुकानदाराला हे शास्त्र माहीत नसेल, पण अनुभव असतो: राजारामपुरीतल्या एका दुकानात विक्रेत्याने महागाचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि त्याच वेळी मोबाइलचं बटण दोनदा वर दाबलं. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोघंही हसलो.

म्हणून मी आधी चौघांचा आवाज सारखा केला. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा एकच सूर लावायचा, हेडफोनची वाटी एका जाड पुठ्ठ्यावर दाबायची, पुठ्ठ्याच्या भोकात छोटा माइक, आणि प्रत्येक हेडफोनसाठी मोबाइलचं बटण कितव्या घरावर ठेवायचं ते लिहून काढायचं. प्रयोगशाळेतली माणसं याला हसतील. पण याने निदान ढोबळ फरक तरी मिटतो. मग डोळे बांधायचे आणि मुलीने हवा तो हेडफोन चढवायचा. यातली अडचण पहिल्याच दिवशी कळली: डोळे बांधले तरी डोकं बांधता येत नाही. वजन, गादीचा कापड की रेक्झीन, कानशिलावरचा दाब, यावरून कोणता हेडफोन आहे ते लगेच कळतं आणि मन पक्षपात करायला मोकळं होतं. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी यावर युक्ती काढली होती. निरनिराळ्या हेडफोनांचा स्वभाव त्यांनी संगणकाने एकाच हेडफोनमधून वाजवून दाखवला. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर सतत एकच वस्तू. मला ते शक्य नव्हतं. म्हणून मी स्वतःच्या आवडीनिवडीवर विसंबायचं सोडलं आणि प्रश्न लहान केला. कोणता चांगला, असं न विचारता अमुक गोष्ट ऐकू येते की नाही, एवढंच विचारायचं.

ही अमुक गोष्ट कोणती असावी, याचं उत्तर मला मिरजेत मिळालं.

मिरज आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथले तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कारखान्यात माझी जुनी ओळख आहे. तिथले चाचा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांच्या हातून किती तंबोऱ्यांची जवारी लागली असेल त्याचा त्यांनाही हिशेब नाही. मी चारही हेडफोन पिशवीत घालून गेलो. आदल्या भेटीत त्यांनीच जवारी लावलेल्या एका तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण मी तिथेच बसून करून घेतलं होतं, म्हणजे खरा आवाज कसा होता ते त्यांना ठाऊक होतं.

माझा जुना हेडफोन त्यांना आधी दिला. अर्ध्या मिनिटात त्यांनी काढून ठेवला.

"सर, ह्याची जवारी बसलीया," म्हणाले. "भोपळा तेवढा वाजतोय."

मग सॅमसन. थोडा वेळ ऐकून मान हलवली. "ही लई खुली केलीया. सूत जरा मागं घ्या."

हसू आलं, पण त्यानंतर बसने कोल्हापूरला येईपर्यंत मी त्याच दोन वाक्यांवर विचार करत होतो. हेडफोनच्या परीक्षणांत जी विशेषणं वापरतात, ऊबदार, चमकदार, खोल, पसरट, त्यांतलं एकही मला कधी नीट कळलेलं नाही. आणि इथे एका माणसाने दोन वाक्यांत, आपल्या धंद्याच्या शब्दांत, जे मोजायला यंत्रं लागतात ते सांगितलं होतं.

जवारी म्हणजे काय, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल, पण इथे ते थोडं उलगडावं लागेल. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला अगदी अल्प उतार असतो. तार या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, आणि तारेखाली सरकवलेलं सुताचं टोक ती टेकण्याची जागा ठरवतं. यामुळे तारेचा जोर मूळ स्वरात न राहता वरच्या उपस्वरांत वाटला जातो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना यातलीच गंमत नोंदवली. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्यांचा कंप शून्य असतो ते उपस्वर, नेहमीच्या नियमाप्रमाणे, उमटायलाच नकोत. पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात. म्हणून तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. पुरुषाची पट्टी काळी एक धरली तर मधला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, खर्ज ६९ च्या आसपास. त्याचा पाचवा उपस्वर ३४६, म्हणजे तार सप्तकातला गंधार. कोणी न छेडलेला, तरीही असलेला. आणि त्याच्याही वर, दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत आणि पुढे, उपस्वरांची जी माळ लागते तिलाच आपण तंबोरा बोलतोय असं म्हणतो.

आता हेडफोनकडे पाहा. 'एक्स्ट्रा बास'वाला साठ ते दोनशे हर्ट्झचा भाग उचलून धरतो. तंबोऱ्यात तिथे फारसं काही नसतंच. तिथे असतो तबल्याचा डग्गा, भोपळ्याचा घुमारा, टेपची घरघर. उचलला जातो तो हा ऐवज. शिवाय कानाचा एक धर्म आहे की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. उलट तितकंसं होत नाही. म्हणजे उपस्वर हेडफोनमध्ये हजर असले तरी ऐकणाऱ्याला नसल्यासारखेच. जवारी बसली ती अशी. उलट सॅमसनमध्ये वरचा भाग थोडा जास्त उठतो, त्यामुळे तंबोरा झणझणतो, 'स' आणि 'श' कानाला टोचतात. सूत मागं घ्यायला हवं ते तिथे.

यानंतर माझी परीक्षा अगदी सोपी झाली. एकच प्रश्न: गाणं चालू असताना, मागच्या तंबोऱ्यातला गंधार ऐकू येतो का? हा प्रश्न मी चारही हेडफोनांना, अकरा ध्वनिमुद्रणांवर, डोळे बांधून विचारला. निकालाचा तक्ता देत नाही. एका माणसाच्या, तेही पन्नाशी उलटलेल्या कानांचा तक्ता देऊन शास्त्राचा आव कशाला आणू? या वयात वरचे बारा-तेरा हजारांपुढचे स्वर मला ऐकूच येत नाहीत. सुदैवाने जुन्या गाण्याला त्यांची गरज नाही.

फिलिप्सच्या उघड्या हेडफोनमध्ये गंधार जवळजवळ दर वेळी सापडला. पाठ जाळीची असल्याने आवाज वाटीत कोंडत नाही, गवई जरा लांब बसल्यासारखा वाटतो. मन्सूरांचं उतारवयातलं गाणं यात ऐकावं. एका मात्रेच्या पोटातून दुसरीत शिरताना ते स्वराला जी किंचित कलाटणी देतात, अक्षर संपवता संपवता पुढचं धरतात, ते सगळं उलगडून दिसतं. डग्गा मात्र पातळ लागतो. तबलजी नाराज होतील. आणि त्याचा मोठा दोष त्याच्या गुणातच आहे: बाहेरचं सगळं आत येतं. आमचं घर गंगावेशीजवळ. सकाळी सहाला दूधवाले, सातला रिक्षा, मग भाजीवाली. दारावरून 'मेथीऽऽ' अशी हाक आली आणि मला वाटलं मैफलीत कुणी तरी दाद दिली. शिवाय आतलं बाहेरही जातं. शेजारी झोपलेल्या माणसाला रात्री अकराला केसरबाई नको असू शकतात.

ऑडिओ-टेक्निकाचा बंद हेडफोन या बाबतीत व्यवहारी आहे. तो आवाज अडवतो, सगळा नव्हे, पण रस्ता मागे सरतो. खर्जाला तो अवास्तव फुगवत नाही. गंधार यात अकरापैकी आठ ठिकाणी मिळाला, तोही थोडा शोधून. तंबोरा जरा आत, पडद्यामागे असल्यासारखा. पण बाईंचा आवाज, काळी चार-पाचच्या पट्टीतला, यात विलक्षण घट्ट आणि समोर येतो. मोगूबाईंच्या जुन्या तबकड्या मी याच्यावरच ऐकतो. तीन मीटरची वायर घरात पायांत येते. मी ती गुंडाळून कापडी पट्टीने बांधली आहे. ४७ ओहमचा असूनही साध्या मोबाइलवर पुरेसा वाजतो.

माझा मतलब मात्र तंबोऱ्याशी नव्हता, त्या श्वासाशी होता. तानेची ती एकोणीस सेकंदं मी मुलीकडून चौघांवर, क्रम बदलून, वीस वेळा लावून घेतली. फिलिप्सवर श्वास दर वेळी ऐकू आला. सॅमसनवरही, इतका स्पष्ट की एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. ऑडिओ-टेक्निकावर, कुठे आहे ते ठाऊक असेल तर येतो. माझ्या जुन्यावर ठाऊक असूनही येत नाही. कारण वरच्या तंबोऱ्याच्या हिशेबासारखंच आहे. श्वास म्हणजे काही हजार हर्ट्झवरची बारीक सळसळ. आणि तो नेमका डग्ग्याच्या 'धा'खाली येतो.

नेमका. या शब्दापाशी मी बरेच दिवस अडकून होतो. तो योगायोग आहे का? मैफलीतल्या इतर ताना काढून पाहिल्या. आणखी चार ठिकाणी असा चोरटा श्वास सापडला. चारांपैकी तीन ठिकाणी तो डग्ग्याच्या भरीव बोलाखालीच आहे. म्हणजे बुवांना आपला श्वास कुठे लपेल हे ठाऊक होतं. समोर बसलेल्या पंचवीस-तीस माणसांना तो ऐकू येऊ नये अशीच ती योजना होती; माइक मात्र तोंडापासून हातभर अंतरावर होता आणि त्याने ऐकला.

यातून एक विचित्र पेच उभा राहतो. माझ्या वाईट हेडफोनने मला जे ऐकवलं ते मैफलीतल्या श्रोत्याने ऐकलं असेल त्याच्या जास्त जवळचं होतं. चांगल्या हेडफोनने मला पडद्यामागे नेलं, जिथे श्रोत्याने जाऊ नये अशी गवयाची इच्छा होती. मग खरं गाणं कोणतं? माझे एक स्नेही, देवल क्लबच्या बैठकांना चाळीस वर्षं नेमाने जाणारे, म्हणाले, "तुम्ही गाणं ऐकत नाही आहात, चौकशी करताय." त्यांचा दुसरा आक्षेप जास्त मूलभूत होता. मैफलीत गवई समोर असतो. हेडफोनमध्ये तो डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधोमध येऊन बसतो, आणि जुनी ध्वनिमुद्रणं तर एकाच वाहिनीवरची, म्हणजे सगळी मंडळीच, तबलजी-पेटीवाल्यासकट, कवटीत दाटीवाटीने. हे खरंच आहे. उघड्या हेडफोनने ते थोडं सैल होतं, जात नाही.

तरीही मला वाटतं की दमसासाबद्दल लिहिणाऱ्याने चौकशी करायलाच हवी. 'एका दमात' हे कौतुक कुस्तीतल्या जोर-बैठकांच्या आकड्यासारखं आहे, आणि आम्हां कोल्हापूरकरांना तसल्या आकड्यांचा सोस आहे. तो मलाही होता. एकोणीस सेकंद दम टिकवणं ही छातीची कर्तबगारी झाली. पण तान तोडल्याचं कळू न देता, लयीचा धागा न सोडता, तबलजीच्या बोलाची सावली धरून तिच्यात श्वास घेणं ही बुद्धीची आणि तालमीची. या गायकीत स्वर आणि लय एकमेकांत विणलेले असतात असं आपण म्हणतो. त्या विणकामात श्वासाचाही धागा आहे, हे माझ्या लक्षात यायला भाच्याचा विसराळूपणा कामी आला. मी बुवांना द्यायची ती दाद दिली नव्हती, भलतीच दिली होती.

किमतीबद्दल दोन शब्द. २०१७ साली येरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी करून एक निबंध प्रसिद्ध केला. किंमत आणि स्वरांच्या चढउताराचा आलेख यांत त्यांना काहीच संबंध आढळला नाही. महागात टिकाऊपणा, दिसणं, आराम मिळत असेल. प्रामाणिकपणा मिळेलच असं नाही. माझा जुना हेडफोन या चौघांत सर्वांत स्वस्त नव्हता, हेही सांगून ठेवतो.

आणि रोजच्या वापराच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या कुठल्याच आलेखात नसतात. चष्मा असेल तर त्याची काडी गादी आणि कानशील यांच्यात फट पाडते आणि बंद हेडफोनचा खर्ज त्या फटीतून निसटतो. मी ऐकताना चष्मा काढतो, मग बंदिशीचा कागद वाचता येत नाही. एप्रिल-मेमध्ये रेक्झीनच्या गाद्यांखाली कान घामेजतात, दोन उन्हाळ्यांत रेक्झीनची पापडी निघते. बायकोने जुन्या सुती परकराची खोळ शिवून दिली आहे. खोळीने वरचा आवाज किंचित दबतो, तेव्हा परीक्षणाच्या वेळी ती काढायची. नव्या मोबाइलला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सीची छोटी शेपटी लागते. त्या शेपटीत आकड्यांचा आवाज करणारं सगळं यंत्र असतं, म्हणून अगदी फुटकळ घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबलवर चाळीस तासच ऐकावं. ९० वर गेलात तर चारच तास. गंगावेशीच्या गोंगाटावर मात करायला उघड्या हेडफोनचा आवाज वाढवत नेणं म्हणूनच धोक्याचं. दिवसा बंद आणि रात्री घर निजल्यावर, दुसऱ्या खोलीत, उघडा, अशी मी वाटणी केली आहे.

जाता जाता एक. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. दुसरं यान सुटल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. तबकडीसोबत सुई पाठवली आहे, ती कशी टेकवायची आणि कोणत्या गतीने फिरवायची याची चित्रंही आहेत. ज्याला ती सापडेल तो कशातून ऐकेल, याची सोय त्याच्यावरच सोपवलेली आहे.

ज्या नियतकालिकात माझा २०१४ चा लेख आला होता ते आता बंद पडलं आहे, त्यामुळे दुरुस्ती छापायला जागा नाही. ती इथे देतो. 'एकोणीस सेकंद, एका दमात' याऐवजी असं वाचावं: 'एकोणीस सेकंद, अकराव्या सेकंदाला, डग्ग्याच्या "धा"खाली, एक श्वास.' ज्या वक्त्यांनी हे विधान भाषणात वापरलं होतं त्यांना मी पत्र लिहून कळवलं आहे. भाच्याचा हेडफोन दसऱ्याला परत केला. चाचांनी दोन वेळा निरोप पाठवला की तो 'खुला' हेडफोन पुन्हा घेऊन या, एका नव्या तंबोऱ्याची जवारी लावायची आहे, आधी जुन्याची ऐकून घेऊ.